घर नकाशावर नेमकं आहे कुठे? (आरोग्याच्या अभ्यासातली ठिकाणाची चूक)

रेघोट्या

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण अडकलेय म्हणून धागाच काढते.

लहान मुलांचा दमा आणि वाहत्या रस्त्यापासून घराचं अंतर, असा आमचा अभ्यास आहे. पत्ते नोंदवहीतून आले, जिओकोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले, अक्षांश-रेखांश मिळाले, जीआयएसमध्ये (नकाशांच्या संगणक-प्रणालीत) रस्त्यांचा थर चढवला, अंतर काढलं, रिग्रेशन (अंतर आणि दमा यांतला संबंध मोजणारं गणित) चालवलं. सगळं छान. परवा सहज नकाशा मोठा करून बघत होते तर एका ठिपक्यावर चाळीसेक मुलं एकावर एक. वाटलं, मोठी इमारत असेल. उपग्रहचित्र लावलं तर तिथे तळं!

मग उलगडा झाला. ज्या पत्त्याचं घर सापडलं नाही तो पत्ता सॉफ्टवेअरने गपचूप पोस्टकोडच्या मध्यबिंदूवर नेऊन ठेवलाय. साधारण पाचातला एक पत्ता असा आहे. फाइलमध्ये मात्र सगळे ठिपके सारखेच दिसतात, प्रत्येकाला दशांशचिन्हापुढे सहा आकडे.

वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "ही चूक दमा असलेल्या आणि नसलेल्या मुलांत सारखीच असणार. म्हणजे परिणाम झुकला तर शून्याकडेच झुकेल. आपण सावध बाजूला आहोत. मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ टाक आणि पुढे चल."

ओळ टाकली. पण पाचातलं एक मूल तळ्यात बसवून आपण सावध बाजूला कसे, हे काही डोक्यातून जात नाही. तुम्ही लोक अशा वेळी काय करता?

टोपोबा

तळं सापडलं, नशीबवान आहात. आमच्याकडे एकदा काही रुग्ण गिनीच्या आखातात पोहत होते. पत्ता रिकामा, म्हणून यंत्राने शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश भरलेला. असली चूक डोळ्यांना दिसते तरी. जी चूक घरासारखी दिसते ती खरी घात करते.

आधी त्या सहा आकड्यांचं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. तिसरं दशांशस्थळ म्हणजे सुमारे १११ मीटर, पाचवं म्हणजे मीटरभर, सहावं वीतभरही नाही. पोस्टकोडच्या मध्यबिंदूलाही सहा आकडे देता येतात. त्याने त्या जागेवर घर उभं राहत नाही. बारकाई वेगळी आणि अचूकता वेगळी.

दुसरं, सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक ठिपक्यासोबत जुळणीचा दर्जा देतं: घर, रस्ता, पोस्टकोड, शहर. तो रकाना लोक पहिल्याच दिवशी उडवतात, कारण रिग्रेशनला तो नको असतो. मूळ फाइल शोधा. तो रकाना परत मिळाला तर निम्मं काम झालं.

तिसरं तुमच्या विषयाला थेट लागू आहे. "घरापर्यंत जुळला" म्हणणारे पत्तेसुद्धा अनेकदा अंदाजानेच बसवलेले असतात. रस्त्याच्या एका तुकड्यावर १ ते ९९ क्रमांक असतील तर ४९ क्रमांकाचं घर साधारण मधोमध धरायचं, आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून ठरावीक मीटर बाजूला सरकवायचं. घरं सारख्या अंतरावर आहेत आणि सगळे क्रमांक खरोखर वापरात आहेत, हे गृहीत. आता बघा, घर रस्त्यालगत असेल तर तुम्ही अंतर म्हणून जे मोजताय ती कदाचित सॉफ्टवेअरमधली सेटिंग असेल!

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, इथे अगदी शब्दशः), दोन थरांचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) एकच आहे ना? एक थर जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ वर आणि दुसरा एखाद्या जुन्या स्थानिक डेटमवर असेल तर सगळेच्या सगळे ठिपके एकाच दिशेला शेकडो मीटर सरकलेले असू शकतात. ही चूक सरासरीत विरत नाही.

चिमणराव_नाही

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मध्यमान

रेघोट्या, तुमच्या वरिष्ठांचं वाक्य पाठ्यपुस्तकातलं आहे आणि अर्धंच खरं आहे.

साधं उदाहरण घेऊ. समजा खऱ्या अंतराचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ३०० मीटर आहे आणि मोजमापातल्या चुकीचं १५० मीटर. चूक खऱ्या अंतरापासून स्वतंत्र असेल तर रिग्रेशनचा उतार (म्हणजे मोजलेला परिणाम) ९०,००० भागिले (९०,००० + २२,५००), म्हणजे ०.८ पट होतो. चूकही ३०० मीटरची असेल तर निम्मा. याला आपण क्लासिकल चूक म्हणतो, आणि "शून्याकडे झुकतो" ते हेच.

पण यातलं "स्वतंत्र" हे एक गृहीतक तुमच्या बाबतीत कोलमडतं. अगदी रस्त्याला लागून असलेलं घर घ्या. त्याचा ठिपका चुकून कुठल्याही दिशेला सरकला तरी तो रस्त्यापासून लांबच जाणार, शून्याच्या खाली अंतर जातच नाही. मधल्या पट्ट्यातलं घर मात्र जवळही येईल, लांबही जाईल. म्हणजे ज्यांना धूर सर्वांत जास्त त्यांच्याच अंतरात एकतर्फी चूक. शिवाय जवळपास दोन मोठे रस्ते असतील तर ठिपका सरकल्यावर "सर्वांत जवळचा रस्ता" हाच बदलतो. ठिपक्यातली चूक आणि अंतरातली चूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या एकच समजून सूत्र लावू नये.

सरळरेषा

मला हे सगळं अती वाटतंय. प्रत्येक मोजमापात चूक असतेच. नमुना मोठा असेल तर चुका एकमेकींना खातात. रेघोट्या यांच्याकडे हजारो मुलं असतील. काही इकडे सरकली, काही तिकडे. सरासरी तीच. उगाच जीआयएसवाल्यांनी घाबरवलं म्हणून पेपर अडवून ठेवू नये. (टोपोबा, हलकेच घ्या.)

मध्यमान

सरळरेषा, सरासरी अंतराचा अंदाज काढायचा असता तर तुमचं बोलणं बऱ्याच अंशी पटलं असतं. इथे संबंध मोजायचाय. कागद घ्या.

१००० मुलं. खरोखर रस्त्याजवळ राहणारी १००, लांबची ९००. जवळच्यांत दम्याचं प्रमाण २० टक्के, लांबच्यांत १० टक्के. खरं गुणोत्तर २.

आता ठिपक्यांच्या चुकीमुळे जवळच्या १०० पैकी ८० च जवळची म्हणून ओळखली गेली, आणि लांबच्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५, चुकून जवळच्या गटात आली. "जवळच्या" गटात १२५ मुलं झाली. त्यात दमा किती? ८० चे २० टक्के १६, ४५ चे १० टक्के साडेचार, एकूण २०.५. म्हणजे १६.४ टक्के. "लांबच्या" गटात ८७५ मुलं, दमा ४ अधिक ८५.५, म्हणजे १०.२ टक्के. गुणोत्तर आलं १.६.

आता १००० ऐवजी दहा लाख मुलं घ्या. गुणोत्तर १.६ च राहील, फक्त कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाचा पट्टा) इतका आक्रसेल की खरा आकडा २ त्याच्या आत सापडणारही नाही. नमुना वाढवून चूक जात नाही, चुकीबद्दलची खात्री वाढते.

आणखी एक बघा. लांबच्यांतली फक्त ५ टक्के चूक, पण "जवळच्या" गटातली ३६ टक्के मुलं परकी. जवळ राहणारे मुळात थोडे असले की एवढंसं गळकं छप्परही घर भिजवतं.

सरळरेषा

कागदावर करून पाहिलं. बरोबर येतंय. शब्द मागे.

पण मग एक विचारतो. ही चूक नेहमी कमीच दाखवते ना? मग वरिष्ठ म्हणतात ते "सावध बाजू" तेवढ्यापुरतं खरंच की.

डॉ_पायपीट

नेहमी नाही. मी साथरोगशास्त्रातली, त्यामुळे हा माझा दुखरा कोपरा.

दमा असलेल्या मुलांचे पत्ते दवाखान्याच्या नोंदीतून आले, जिथे औषध पाठवायचं असल्यामुळे पत्ता पडताळून घेतात, आणि तुलनेसाठीची मुलं कुठल्यातरी जुन्या यादीतून आली, असं समजा. मग रुग्णांचे ठिपके घरावर आणि बाकीच्यांचे पोस्टकोडच्या मध्यावर. आता चूक दोन गटांत सारखी राहिली नाही. मध्यबिंदू योगायोगाने मोकळ्या जागेत, रस्त्यांपासून लांब असतील, तर मुळात नसलेला संबंधही ठळक दिसेल. हमरस्त्यावर पडत असतील तर उलट. दिशा कुठली ते आधी सांगता येत नाही, शोधावी लागते.

त्यातही गट दोनपेक्षा जास्त केले (जवळ, मध्यम, लांब) तर चूक दोन्हीकडे सारखी असूनही मधल्या गटाचा अंदाज फुगू शकतो. "शून्याकडेच झुकतो" हे वाक्य मर्यादांच्या परिच्छेदात इतक्या वेळा वाचलंय की आता ते वाचलं की मी पद्धतीचा विभाग पुन्हा पहिल्यापासून वाचते.

आणि आपल्या शास्त्रात ठिकाण कधीच नुसतं ठिकाण नसतं. पत्ता न जुळण्याचं कारण बघा: नवी वस्ती, अनधिकृत वस्ती, गावाकडचा पत्ता ज्याला घरक्रमांकच नाही, सतत घर बदलणारं कुटुंब, लिहिताना झालेली गफलत. म्हणजे ज्यांची चूक मोठी तेच लोक आजाराच्या बाबतीतही वेगळे.

कुतूहल

विषयातलं काही कळत नाही, पण वाचतेय. एक भाबडा प्रश्न. ज्यांचं घर सापडलं नाही त्यांना सरळ वगळलं तर? जे नक्की माहीत आहे तेवढ्यावरच बोलावं.

डॉ_पायपीट

भाबडा अजिबात नाही, बहुसंख्य पेपर हेच करतात.

पण वगळलं कोणाला? वरची यादी परत वाचा. वगळल्यावर उरतात ते शहरातले, स्थिर, नीट पत्ता असलेले. त्यांच्यातला संबंध बरोबर निघेल कदाचित, पण तो सगळ्यांना लागू म्हणून छापला जाईल. तळ्यातली मुलं निदान मोजली तरी जात होती. वगळली की ती नकाशावरूनच गेली.

किमान एवढं करावं: जुळलेले आणि न जुळलेले यांची वय, उत्पन्न, वस्तीचा प्रकार, आजाराचं प्रमाण यांवर तुलना करून तक्ता द्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ओसाडगावकर

अजून जॉन स्नो कसा आला नाही म्हणतो मी!

टोपोबा

आला असता तर तूच आणला असतास, ओसाड्या. आण आता.

ओसाडगावकर

आणतोच. डॉक्टर जॉन स्नो, १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर, पंपाचा दांडा काढला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण या धाग्याला लागू पडतो तो भाग लोक सांगत नाहीत.

हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई त्या साथीत गेली. घर पंपापासून मैलोन्‌मैल लांब. नकाशावर नुसता ठिपका टाकला असता तर ती स्नोच्या तर्काच्या विरोधातला पुरावा ठरली असती. स्नोने चौकशी केली तेव्हा कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं म्हणून रोज गाडीतून बाटली यायची. उलट पंपाच्या अगदी जवळच्या पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसमध्ये (गरिबांच्या आश्रयगृहात) ५३५ माणसं होती आणि मेली फक्त ५. त्यांची स्वतःची विहीर होती.

दोन्हीकडे ठिपका अगदी अचूक. घर तिथेच होतं. चूक ठिपक्यात नव्हती, "घर म्हणजेच संसर्गाची जागा" या समजुतीत होती.

दुसरं म्हणजे पुढच्या नकाशात स्नोने पंपाभोवती गोल काढला नाही. कुठून कुठल्या पंपाला चालत जायला सारखंच अंतर पडतं, ती रेषा काढली. सरळ अंतर नाही, रस्त्याने पडणारं. आजही अर्धे लोक घर ते दवाखाना अंतर कावळ्यासारखं मोजतात, मध्ये नदी असली तरी.

डॉ_पायपीट

ओसाडगावकर, अनुमोदन. हाच मुद्दा २०१२ मध्ये भूगोलतज्ज्ञ मेई-पो क्वान यांनी नाव देऊन मांडला: भौगोलिक संदर्भाची अनिश्चितता. माणसावर परिणाम करणारी जागा कुठली आणि तिथे तो किती वेळ असतो, हेच आपल्याला ठाऊक नसतं. रेघोट्या यांच्या अभ्यासातली मुलं दिवसाचा मोठा भाग शाळेत असणार. घराचा ठिपका मीटरभर अचूक केला आणि शाळा वाहत्या रस्त्यावर असली तर काय उपयोग?

रेघोट्या

शाळेचा पत्ता आहे आमच्याकडे! वापरलाच नव्हता. 🤦‍♀️

जुळणीच्या दर्जाचा रकानाही सापडला, टोपोबा. मूळ फाइलमध्ये होता, कोणीतरी "अनावश्यक" नावाच्या फोल्डरात टाकला होता.

सरळरेषा

मग बिंदूंच्या भानगडीत पडूच नये. सगळं पोस्टकोडच्या पातळीवर करावं. पोस्टकोडमधलं दम्याचं प्रमाण आणि पोस्टकोडमधली रस्त्यांची लांबी. ठिपक्याची चूकच संपली.

टोपोबा

एक चूक संपली आणि दुसरी दारात उभी राहिली. सीमारेषा कुठे काढल्या त्यावर उत्तर बदलतं. १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी आयोवा राज्यातल्या ९९ काउंट्या घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या तऱ्हेने एकत्र करून मोठे विभाग पाडले. रिपब्लिकन मतं आणि वृद्धांचं प्रमाण यांतला सहसंबंध, तीच माणसं, तीच मतं. विभाग कसे पाडले त्यानुसार आकडा जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता आला.

शिवाय पोस्टकोडच्या पातळीवरचा संबंध मुलाच्या पातळीवर लावता येत नाही. रस्ते जास्त असलेल्या पोस्टकोडमध्ये दमा जास्त, म्हणून रस्त्याजवळच्या मुलाला दमा जास्त, असं होत नाही. रॉबिन्सनने १९५० मध्ये हे दाखवून दिलंय, तरी दरवर्षी कोणीतरी नव्याने पडतं त्या खड्ड्यात.

छोट्या विभागात आणखी एक गोम. पाच मुलं असलेल्या पोस्टकोडमध्ये एकाला दमा झाला की २० टक्के. नकाशावर गडद लाल आणि पूर्ण पांढरे ठिगळ दोन्ही अशाच छोट्या विभागांत निघतात. मग शेजारच्या विभागांकडून थोडी माहिती उसनी घेऊन नकाशा गुळगुळीत करावा लागतो. बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांचं १९९१ चं मॉडेल त्यासाठीच आहे. पण ते वेगळ्या धाग्याचं काम.

कुतूहल

ठिपका टाकला तर चूक, विभाग केला तर चूक, वगळलं तर चूक. मग करायचं काय? 😅

मध्यमान

हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं: घर "इथे आहे" असं म्हणणं सोडायचं आणि "या एवढ्या भागात कुठेतरी आहे" असं म्हणायचं. मग त्या सगळ्या भागाचं गणित करायचं.

दोन प्रकार समजून घ्या. मुलाला पोस्टकोडच्या मध्यबिंदूवरचा धूर दिला, तर तळ्यावरचा धूर दिला. त्या आकड्याचा मुलाशी संबंध योगायोगाचा. त्याऐवजी त्या पोस्टकोडात माणसं जिथे जिथे राहतात त्या सगळ्या जागांवरच्या धुराची, लोकसंख्येच्या वजनाने, सरासरी काढून ती मुलाला द्या. चूक आहेच. पण आता खरा आकडा दिलेल्या आकड्याभोवती वरखाली होतोय, दिलेला आकडा खऱ्याभोवती नाही. याला बर्कसन चूक म्हणतात, आणि रेषीय मॉडेलमध्ये हिच्यामुळे उतार कमी होत नाही, फक्त अनिश्चितता वाढते. तेच मूल, तोच पोस्टकोड, तीच अपुरी माहिती. फरक एवढाच की मध्यबिंदूला घर न समजता अज्ञान प्रामाणिकपणे पसरवलं.

एक ताकीद: अंतराची सरासरी काढून मग त्यावरून धूर काढू नका. आधी प्रत्येक जागेचा धूर, मग सरासरी. धूर रस्त्यापासून सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि काहीशे मीटरांत सभोवतालच्या पातळीला येतो, सरळ रेषेत नाही. क्रम उलटा केलात तर वेगळंच उत्तर येतं.

ओसाडगावकर

यावरून आठवलं. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, म्हणजे डीएचएस, मध्ये तर ठिपके मुद्दाम सरकवलेले असतात. घरं ओळखता येऊ नयेत म्हणून. शहरी गटांचा ठिपका २ किमीपर्यंत, ग्रामीण ५ किमीपर्यंत, आणि ग्रामीणमधल्या एक टक्क्याचा १० किमीपर्यंत. दिशा आणि अंतर दोन्ही चिठ्ठी टाकून. तो ठिपका घराचाही नसतो, घरांच्या गटाच्या मध्याचा असतो.

मी हे माहीत नसताना एकदा प्रत्येक गाव ते जवळचं आरोग्यकेंद्र असं अंतर मीटरमध्ये काढून आलेख केला होता. मीटरमध्ये!

मध्यमान

हाहा. पण तिथे चूक किती आणि कशी घातली ते तरी छापून ठेवलेलं असतं, हे भाग्य समजा. वापरणाऱ्यांना सल्लाही तोच दिला जातो: ठिपक्यावरची किंमत उचलू नका, शहरी ठिपक्याभोवती २ आणि ग्रामीणभोवती ५ किमीचा बफर (वर्तुळ) घेऊन त्यातली सरासरी घ्या. पाऊस, तापमान यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना हे पुरतं. रस्त्यालगतच्या धुराला ५ किमीचा बफर म्हणजे चाळणीने पाणी भरणं.

डॉ_पायपीट

इथे गोपनीयतेचंही बोलून घेऊ. रेघोट्या, पेपरात नकाशा छापणार असाल तर खरे ठिपके छापू नका. छापलेल्या नकाशावरून उलट जाऊन घर शोधता येतं. ठिपके सरकवताना किमान अंतरही ठेवा, म्हणजे भोकाच्या वड्यासारखा पट्टा: मूळ जागेच्या फार जवळही नाही, फार लांबही नाही. विरळ वस्तीत जास्त सरकवा. विश्लेषण मात्र बंद खोलीत मूळ ठिपक्यांवर करा, आणि किती सरकवलं ते लिहा.

रेघोट्या

दोन आठवड्यांनी परत आले. धागा वर काढतेय, क्षमस्व.

मध्यमान यांचं वाचून उत्साहात आणखी एक पायरी पुढे गेले. सरासरी कशाला, म्हटलं, सरळ घरंच बसवू. पोस्टकोडवाल्या प्रत्येक मुलासाठी त्या पोस्टकोडातल्या निवासी इमारतींतून चिठ्ठी टाकून एक घर निवडलं. अंतर, धूर, रिग्रेशन. असं १०० वेळा, आणि रुबिनच्या नियमांनी निकाल एकत्र केले. परिणाम आणखी घसरला! सरासरीच्या पद्धतीपेक्षा खाली. आता मला काहीच कळेनासं झालंय.

मध्यमान

कळेल, आणि ही चूक करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून अभिनंदन.

चिठ्ठीतून निघालेलं घर त्या मुलाचं नाही. त्याच्यात आणि मुलाच्या दम्यात पोस्टकोडापलीकडे काहीही नातं नाही. तुम्ही पोस्टकोडच्या आतला सगळा फरक निव्वळ गोंगाटाने भरलात. १०० वेळा केलं तर १०० वेळा गोंगाट भरला, आणि गोंगाट म्हणजे परत पहिली, क्लासिकल चूक. सरासरी देताना हा गोंगाट नव्हता.

घर निवडताना मुलाबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं वापरायचं: उत्पन्न, घराचा प्रकार, आणि हो, दमा आहे की नाही हेसुद्धा.

सरळरेषा

थांबा. दमा आहे की नाही ते वापरून घर ठरवायचं, मग त्या घरावरून दमा समजावून सांगायचा? ही तर उत्तर बघून प्रश्न लिहिण्याची गोष्ट झाली.

मध्यमान

सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. पण बघा, नक्की जुळलेल्या मुलांमध्ये दमा आणि अंतर यांचा जो काही संबंध आहे (किंवा नाही) तोच आपण अंदाजाच्या घरांमध्ये जपतो. संबंध नसेल तर नसलेलाच जपला जातो. दमा वगळून घर निवडलं तर मात्र आपण ठामपणे सांगतोय की पोस्टकोडच्या आत संबंध नाहीच. पूर्वग्रह तोच जास्त मोठा. मल्टिपल इम्प्युटेशनचा (नसलेली माहिती अनेकदा अंदाजाने भरण्याच्या पद्धतीचा) हा जुना नियम आहे, जागेला लागू करताना लोक विसरतात.

आणि हे जड वाटत असेल तर सिमेक्स करून पाहा. कुक आणि स्टेफान्स्की, १९९४. गंमत अशी की चूक कमी करण्याऐवजी ती आणखी वाढवायची. घरापर्यंत जुळलेले ठिपके मुद्दाम आणखी थोडे सरकवा, परिणाम बघा. अजून सरकवा, बघा. परिणाम कसा घसरत जातो त्याचा आलेख काढा आणि ती वक्ररेषा मागे ओढत "चूक शून्य" पर्यंत न्या. फक्त आधी मूळ चूक किती आहे ते माहीत हवं.

टोपोबा

आणि ते माहीत करून घ्यायचा एकच मार्ग, पाय. थोडी घरं चिठ्ठी टाकून निवडा, प्रत्येक दर्ज्याची, गावाकडची वेगळी आणि शहरातली वेगळी. दारात उभं राहून जीपीएस घ्या. सॉफ्टवेअरचा ठिपका आणि दारातला ठिपका यांतलं अंतर आणि दिशा, दोन्ही नोंदवा. घराबाहेर उघड्यावर घ्या, आत भिंतींमुळे ठिपका भरकटतो.

रेघोट्या

महिनाभराने शेवटची बातमी.

घरं पाहून आलो. जुळणीच्या दर्जानुसार चुकीचं मॉडेल केलं, शाळेचा धूर वेळेच्या वजनाने धरला, दमा आणि उत्पन्न धरून घरं पुन्हा बसवली. परिणाम पहिल्यापेक्षा वर गेला आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल चांगलाच रुंद झाला. वरिष्ठ म्हणाले, "आधीचं छान घट्ट होतं." मी म्हटलं, आधीच्या घट्टपणात तळ्यातली मुलं होती. यावर ते हसले आणि सहीही केली. मर्यादांमधल्या त्या एका ओळीचं आता दीड पानाचं परिशिष्ट झालंय.

पण नवी भानगड. दारात घेतलेल्या जीपीएसमध्ये अकरा घरांचा ठिपका जवळपास एकच निघालाय. घरं तर वेगवेगळ्या गल्ल्यांत आहेत.

टोपोबा

तो ठिपका कुठे पडतोय?

रेघोट्या

आमच्या कार्यालयाच्या वाहनतळावर.

टोपोबा

कार्यालयात परतल्यावर फॉर्म सेव्ह केलेत. ॲप सेव्हच्या क्षणाची जागा धरतं. प्रत्येक नोंदीची वेळ फाइलमध्ये असेल, आधी ती बघा.

रेघोट्या

बघते. सगळ्या अकरांची वेळ संध्याकाळी सहा ते सहा दहा. 🙈

चिमणराव_नाही

पॉपकॉर्न संपले, पण उठवत नाहीये.